भारतातील ड्रोन हवाई क्षेत्र

'''भारतातील ड्रोन हवाई क्षेत्र''' म्हणजे मानवरहित विमानांच्या, अर्थात ड्रोनच्या, उड्डाणासाठी भारतीय आकाशाची केलेली विभागणी होय. ड्रोन नियम, २०२१ नुसार ही विभागणी हिरवे, पिवळे आणि लाल अशा तीन क्षेत्रांत केली जाते. एखाद्या ठिकाणी ड्रोन परवानगीशिवाय उडवता येतो की नाही, आणि येत असल्यास किती उंचीपर्यंत, हे त्या ठिकाणच्या क्षेत्रावरून ठरते. हिरव्या क्षेत्राची सर्वसाधारण कमाल उंची जमिनीपासून ४०० फूट (१२० मीटर) आहे. कार्यरत विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट (६० मीटर) इतकी कमी होते. हे नियम व्यावसायिक चालकांप्रमाणेच हौसेखातर ड्रोन उडवणाऱ्यांनाही लागू आहेत.

== पार्श्वभूमी ==

प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूभागावरील आकाशावर सार्वभौमत्व असते, हे तत्त्व १९४४ च्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक करारात, म्हणजेच शिकागो करारात, मान्य करण्यात आले. याच कराराच्या आठव्या कलमात वैमानिकाविना उडणाऱ्या विमानाला दुसऱ्या राष्ट्राच्या भूमीवरून विशेष परवानगीशिवाय उडण्यास मनाई केली आहे. मानवरहित विमानाचा प्रश्न त्या काळीही विचारात घेतला गेला होता, हे यावरून दिसते. मात्र सामान्य नागरिकाच्या हाती असे यंत्र येईल, ही शक्यता त्या वेळी कोणासमोर नव्हती.

भारतात ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जाहीर सूचना काढून नियमावली तयार होईपर्यंत ड्रोनच्या नागरी वापरास मनाई केली. पहिली सविस्तर नियमावली ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १ डिसेंबर २०१८ पासून अमलात आली. तीनुसार मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळूर व हैदराबाद येथील विमानतळांच्या हद्दीपासून ५ किलोमीटर आणि अन्य विमानतळांपासून ३ किलोमीटरच्या आत ड्रोनला बंदी होती. त्यानंतर १२ मार्च २०२१ रोजी मानवरहित विमान प्रणाली नियम लागू झाले. अनेक परवाने, अर्ज व शुल्क यांमुळे ते क्लिष्ट ठरले आणि काही महिन्यांतच मागे घेण्यात आले. त्यांच्या जागी ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोन नियम, २०२१ आले. विमानतळाभोवतीच्या पिवळ्या क्षेत्राची व्याप्ती ४५ किलोमीटरवरून १२ किलोमीटरपर्यंत घटवणे हा या नियमांतील एक महत्त्वाचा बदल होता. देशाचा ड्रोन हवाई क्षेत्र नकाशा २४ सप्टेंबर २०२१ रोजी 'डिजिटल स्काय' या शासकीय मंचावर खुला करण्यात आला.

== आंतरराष्ट्रीय वर्गीकरण ==

मानवी वैमानिक चालवत असलेल्या विमानांसाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आकाशाचे ए ते जी असे सात वर्ग केले आहेत. ए ते ई हे नियंत्रित, तर एफ व जी हे अनियंत्रित वर्ग होत. ए वर्गात केवळ उपकरणांच्या आधारे होणारी उड्डाणे चालतात आणि सर्व विमानांत सुरक्षित अंतर राखण्याची जबाबदारी नियंत्रकावर असते. पुढच्या वर्गांत ही जबाबदारी टप्प्याटप्प्याने वैमानिकाकडे जाते. जी वर्गात नियंत्रकाच्या अनुमतीची गरज नसते. मागितल्यास माहिती पुरवली जाते आणि इतर विमानांपासून दूर राहण्याचे काम वैमानिकाने स्वतः डोळ्यांनी करायचे असते. प्रत्येक देश या सातांपैकी आपल्याला आवश्यक तेवढेच वर्ग वापरतो. उदाहरणार्थ, अमेरिकेत एफ वर्ग वापरात नाही.

अमेरिकेसारख्या देशांत हौशी ड्रोनचालकालाही हे वर्ग ओळखावे लागतात. भारताने मात्र ड्रोनसाठी वेगळा रंगीत नकाशा केला. विमानतळे, लष्करी तळ, संवेदनशील प्रतिष्ठाने आणि सीमा यांचा विचार नकाशातच केलेला असल्याने चालकाला वैमानिकी तक्ते वाचण्याची गरज उरत नाही. ड्रोन नियमांतील रंग हे वरील सात वर्गांचे भाषांतर नव्हे. ती त्यांच्यावर पसरलेली एक स्वतंत्र विभागणी आहे.

== क्षेत्रांचे प्रकार ==

{| class="wikitable"
! विमानतळाच्या हद्दीपासून अंतर !! परवानगीशिवाय उंची !! त्याहून वर
|-
| ० ते ५ किमी || नाही (लाल) || लाल
|-
| ५ ते ८ किमी || नाही (जमिनीपासूनच पिवळे) || पिवळे
|-
| ८ ते १२ किमी || २०० फूट (६० मीटर) || पिवळे
|-
| १२ किमीच्या पुढे || ४०० फूट (१२० मीटर) || पिवळे
|}

अंतर १२ किलोमीटरहून अधिक असले, तरी ते ठिकाण अन्य कारणाने लाल किंवा पिवळे घोषित झालेले असू शकते. त्यामुळे हा तक्ता केवळ विमानतळामुळे येणारी मर्यादा दाखवतो.

=== हिरवे क्षेत्र ===

नकाशात लाल किंवा पिवळे म्हणून दाखवलेले नाही असे ४०० फुटांपर्यंतचे आकाश म्हणजे हिरवे क्षेत्र होय. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यातील २०० फुटांपर्यंतचे आकाशही हिरव्या क्षेत्रात मोडते. येथे ५०० किलोग्रॅमपर्यंत एकूण वजनाच्या ड्रोनला उड्डाणासाठी कोणाच्याही पूर्वपरवानगीची आवश्यकता नसते.

हिरवा रंग आकाशाविषयी बोलतो, जमिनीविषयी नाही. अभयारण्यात उड्डाणासाठी वनविभागाची, संरक्षित स्मारकाच्या आवारात पुरातत्त्व खात्याची आणि खासगी जागेतून उड्डाण करताना मालकाची अनुमती वेगळी घ्यावी लागते.

=== पिवळे क्षेत्र ===

पिवळ्या क्षेत्रात उड्डाणासाठी संबंधित हवाई वाहतूक नियंत्रण प्राधिकरणाची परवानगी लागते. हे प्राधिकरण ठिकाणानुसार भारतीय विमानतळ प्राधिकरण, वायुसेना, नौसेना किंवा हिंदुस्थान एरोनॉटिक्स यांपैकी असू शकते. पिवळे क्षेत्र केवळ विमानतळाभोवती असते, असा समज आढळतो. प्रत्यक्षात प्रत्येक हिरव्या क्षेत्रावर ४०० फुटांच्या वर पिवळे क्षेत्रच असते. मोकळ्या माळरानावर ४५० फुटांवर गेलेला ड्रोनही परवानगीविना पिवळ्या क्षेत्रात शिरलेला असतो.

=== लाल क्षेत्र ===

लाल क्षेत्रात केवळ केंद्र सरकारच्या परवानगीनेच ड्रोन उडवता येतो. व्यवहारात हौशी चालकासाठी ही बंदीच होय. विमानतळांचा निकटचा परिसर, लष्करी तळ, अणुऊर्जा प्रकल्प आणि आंतरराष्ट्रीय सीमेलगतचा प्रदेश यांचा त्यात समावेश होतो.

=== तात्पुरते लाल क्षेत्र ===

राज्य सरकार, केंद्रशासित प्रदेशाचे प्रशासन किंवा कायदा व सुव्यवस्था यंत्रणा विशिष्ट भाग तात्पुरता लाल घोषित करू शकते. ही घोषणा एका वेळी कमाल ९६ तासांसाठी असते आणि ती पोलीस अधीक्षक किंवा समकक्ष दर्जाहून कनिष्ठ अधिकाऱ्याला करता येत नाही. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींचे दौरे, मोठ्या सभा किंवा सुरक्षाविषयक प्रसंग यांमुळे काल हिरवे असलेले ठिकाण आज लाल होऊ शकते. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी ताजा नकाशा पाहणे चालकावर बंधनकारक आहे. पूर्वी कधीतरी काढून ठेवलेले नकाशाचे चित्र यासाठी पुरेसे ठरत नाही.

== उंचीची मर्यादा ==

=== ४०० फुटांमागील कारण ===

आंतरराष्ट्रीय उड्डाण नियमांनुसार दृश्य पद्धतीने उडणाऱ्या विमानाने, उतरणे व उड्डाण घेणे वगळता, जमीन किंवा पाण्यापासून किमान ५०० फूट (१५० मीटर) उंची राखायची असते. दाट वस्तीवर ती सर्वांत उंच अडथळ्यापासून १,००० फूट (३०० मीटर) असते. ड्रोनची ४०० फुटांची मर्यादा या किमान उंचीच्या खाली ठेवलेली आहे. त्यामुळे मोकळ्या प्रदेशात दोन्हींमध्ये सुमारे १०० फुटांची फट राहते.

ही फट मोठी नाही. दाबमापक यंत्रातील चूक, वाऱ्याचा झोत आणि चालकाचा अंदाज एवढ्यातच ती संपू शकते. शिवाय अनेक विमाने कायदेशीरपणे याहून खाली येतात. रुग्णवाहू हेलिकॉप्टर, पोलीस व तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरे, आग विझवणारी विमाने आणि पॅराग्लायडर यांना ५०० फुटांची सीमा नेहमी पाळता येत नाही. त्यामुळे ४०० फुटांच्या खाली असलेल्या ड्रोननेही मानवी वैमानिकाच्या विमानाला नेहमी वाट द्यावी लागते.

विमानतळाजवळ मर्यादा का घटते, हे उतरत्या विमानाच्या मार्गावरून समजते. धावपट्टीकडे येणारे विमान साधारण तीन अंशांच्या कोनात उतरते, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर उंची गमावते. धावपट्टीपासून ५ किलोमीटरवर ते जमिनीपासून सुमारे २६० मीटर, तर २ किलोमीटरवर जेमतेम १०५ मीटर उंचीवर असते. ही दुसरी उंची ड्रोनच्या १२० मीटरांच्या सर्वसाधारण मर्यादेहून कमी आहे.

=== उंची मोजण्याची पद्धत ===

विमानचालनात उंचीचे तीन संदर्भ वापरले जातात: जमिनीपासूनची उंची, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि प्रमाणित हवेच्या दाबावर आधारलेली उंची. ड्रोनची ४०० फुटांची मर्यादा जमिनीपासूनची आहे. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असले, तरी तेथील हिरव्या क्षेत्रातील ड्रोनला जमिनीपासून १२० मीटरांपर्यंतच मुभा असते. समुद्रसपाटीशी त्याचा संबंध नाही.

बहुतेक हौशी ड्रोनच्या पडद्यावर मात्र या तिन्हींपैकी कोणतीच उंची दिसत नाही. तेथे दिसते ती उड्डाणस्थानापासूनची उंची. ड्रोनमधील दाबमापक उड्डाणाच्या क्षणीचा हवेचा दाब शून्य मानतो आणि पुढील घट उंचीत बदलतो. समुद्रसपाटीजवळ दर ८ मीटरांना दाब सुमारे एक हेक्टोपास्कलने घटतो. उपग्रहांच्या साहाय्याने मिळणारी उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते. भारतीय द्वीपकल्पात हा गणिती पृष्ठभाग आणि प्रत्यक्ष समुद्रसपाटी यांत ५० मीटरांहून अधिक फरक आहे. त्यामुळे उपग्रहाने दिलेला कच्चा आकडा थेट उंची म्हणून वापरल्यास मोठी चूक होते.

=== डोंगराळ प्रदेश ===

सपाट मैदानात उड्डाणस्थानापासूनची उंची आणि जमिनीपासूनची उंची जवळपास सारखीच असते. सह्याद्रीसारख्या प्रदेशात तसे नसते. समजा, ५०० मीटर खोल दरीच्या कड्यावरून ड्रोन उडवला आणि ५० मीटर चढवून सरळ दरीवर नेला. पडद्यावर उंची ५० मीटरच दिसत राहते, पण दरीच्या तळापासून ड्रोन ५५० मीटरांवर पोहोचलेला असतो. चालकाने उंची वाढवण्याची कळ पुन्हा दाबलेली नसतानाही ड्रोन मर्यादेच्या चौपटीहून वर आणि पिवळ्या क्षेत्रात गेलेला असतो. कड्यालगतच्या वर चढणाऱ्या वाऱ्यांवर पॅराग्लायडर उडतात, त्यामुळे ही केवळ कागदावरील चूक राहत नाही.

याच्या उलट प्रकार पायथ्याशी घडतो. खालून १०० मीटरांवर स्थिर ठेवलेला ड्रोन १५० मीटर उंच टेकडीकडे नेल्यास पडद्यावरचा आकडा न बदलता तो उतारावर आदळतो. संपर्क तुटल्यावर आपोआप परतणारा ड्रोनही आधी ठरवून दिलेल्या उंचीवरूनच परततो. ती उंची मधल्या टेकडीहून कमी असेल, तर परतीच्या वाटेवरही अपघात संभवतो.

== हौशी चालकांसाठीच्या अटी ==

ड्रोनचे वर्ग सर्व भारासह एकूण वजनावरून ठरतात.

{| class="wikitable"
! वर्ग !! एकूण वजन
|-
| नॅनो || २५० ग्रॅमपर्यंत
|-
| मायक्रो || २५० ग्रॅमहून अधिक, २ किलोग्रॅमपर्यंत
|-
| लघु || २ किलोग्रॅमहून अधिक, २५ किलोग्रॅमपर्यंत
|-
| मध्यम || २५ किलोग्रॅमहून अधिक, १५० किलोग्रॅमपर्यंत
|-
| मोठे || १५० किलोग्रॅमहून अधिक
|}

नॅनो ड्रोनसाठी, तसेच अव्यावसायिक कारणाने वापरल्या जाणाऱ्या मायक्रो ड्रोनसाठी, दूरस्थ वैमानिक प्रमाणपत्राची गरज नाही. त्याहून जड ड्रोनसाठी मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन हे प्रमाणपत्र मिळवावे लागते. फेब्रुवारी २०२२ पर्यंत त्यास परवाना म्हटले जात असे. त्यासाठी वय १८ ते ६५ वर्षे आणि दहावी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. विशेष सूट नसलेल्या ड्रोनची नोंदणी करून विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो. नॅनो वर्ग वगळता त्रयस्थ पक्षाचा विमाही सक्तीचा आहे.

वजनामुळे मिळणाऱ्या या सवलती कागदपत्रांपुरत्या आहेत. क्षेत्रांचे व उंचीचे नियम नॅनो ड्रोनलाही लागू होतात. २५० ग्रॅमहून हलका ड्रोन लाल क्षेत्रात चालतो, हा समज चुकीचा आहे. त्याचप्रमाणे निर्मात्याच्या ॲपने उड्डाण रोखले नाही, म्हणजे उड्डाण कायदेशीर आहे, असेही होत नाही. अशा ॲपमधील निषिद्ध क्षेत्रे निर्मात्याने स्वतः आखलेली असतात आणि ती शासकीय नकाशाशी जुळतीलच असे नाही.

अंतर मोजतानाही एक चूक वारंवार होते. नियमांतील अंतर विमानतळाच्या हद्दीपासून मोजले जाते, प्रवासी इमारतीपासून नव्हे. मोठ्या विमानतळाची धावपट्टीच ३ किलोमीटरहून लांब असू शकते. त्यामुळे इमारतीपासून १३ किलोमीटर दूर वाटणारे ठिकाण प्रत्यक्षात १२ किलोमीटरच्या आत येऊ शकते.

== महाराष्ट्र व गोवा ==

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ, हेलिकॉप्टरांची मोठी वर्दळ असलेले जुहू विमानतळ, नौदलाची ठाणी आणि तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र यांमुळे हौशी उड्डाणाला फारसा वाव उरत नाही. याशिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी प्रतिबंधात्मक आदेश काढून शहरात ड्रोन, पॅराग्लायडर व तत्सम साधनांच्या उड्डाणास मनाई करतात. पुण्यात लोहगाव येथील विमानतळ हा वायुसेनेचा तळ आहे, तर खडकवासला येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. दोन्हींचा परिणाम शहराच्या नकाशावर होतो.

नवे विमानतळ सुरू झाले की नकाशा बदलतो. उत्तर गोव्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये वाहतूक सुरू झाली. हे विमानतळ राज्याच्या सीमेजवळ असल्याने त्याभोवतीचा १२ किलोमीटरचा पट्टा महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्यातही पोहोचतो. दक्षिणेकडील दाबोळी विमानतळ हा नौदलाचा 'आयएनएस हंसा' तळ आहे. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले.

गडकिल्ल्यांवरून चित्रीकरण करण्याची हौस राज्यात मोठी आहे. अनेक किल्ले केंद्र किंवा राज्य संरक्षित स्मारके आहेत, तर हरिश्चंद्रगडासारखे काही अभयारण्याच्या हद्दीत येतात. अशा ठिकाणी नकाशा हिरवा असला, तरी संबंधित खात्याच्या अनुमतीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. कामशेत व पाचगणी हे परिसर पॅराग्लायडिंगसाठी प्रसिद्ध आहेत. तेथे माणसे आणि ड्रोन एकाच उंचीवर येण्याची शक्यता अधिक असते.

== उल्लेखनीय घटना ==

२१ सप्टेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंडजवळ अमेरिकी लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला एका हौशी चालकाचा ड्रोन धडकला. धडक सुमारे ३०० फुटांवर, म्हणजे ४०० फुटांच्या मर्यादेच्या खाली झाली. चालकाने ड्रोन अडीच मैल दूर, नजरेच्या टप्प्याबाहेर नेला होता आणि त्या वेळी लागू असलेल्या तात्पुरत्या निर्बंधाची त्याला कल्पना नव्हती. हेलिकॉप्टर सुखरूप उतरले.

१२ ऑक्टोबर २०१७ रोजी कॅनडातील क्वेबेक शहराच्या विमानतळाकडे उतरणाऱ्या एका छोट्या प्रवासी विमानाला सुमारे १,५०० फुटांवर ड्रोन धडकला. विमान सुरक्षित उतरले. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनचे गॅटविक विमानतळ ड्रोन दिसल्याच्या वृत्तांमुळे अनेक तास बंद राहिले आणि सुमारे १,००० उड्डाणांवर त्याचा परिणाम झाला.

९ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिस येथील वणवा विझवणाऱ्या विमानाच्या पंखाला ड्रोनच्या धडकेने भोक पडले. चालकाने ड्रोन सुमारे अडीच किलोमीटर दूर नेला होता आणि तो त्याच्या नजरेआड झाला होता. आग भडकलेली असताना ते विमान दुरुस्तीसाठी जमिनीवर थांबवावे लागले.

== उल्लंघन ==

ड्रोन नियमांच्या भंगासाठी कमाल एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याच कृतीमुळे अन्य कायद्याचा भंग झाल्यास त्यानुसार स्वतंत्र कारवाई होऊ शकते. ड्रोनचा अपघात झाल्यास ४८ तासांच्या आत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयास त्याची माहिती देणे चालकावर बंधनकारक आहे.

== इतर देशांतील मर्यादा ==

अमेरिकेत हौशी चालकाला जी वर्गाच्या आकाशात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत उड्डाण करता येते. विमानतळाभोवतीच्या नियंत्रित आकाशात आधी अनुमती लागते. त्यासाठी तेथील आकाशाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला शून्यापासून ४०० फुटांपर्यंतची कमाल उंची ठरवून दिलेली आहे. ठरवलेल्या उंचीच्या आतील अर्जांना स्वयंचलित प्रणालीतून बहुधा काही क्षणांतच अनुमती मिळते. हौशी चालकांना एक विनामूल्य सुरक्षा चाचणीही द्यावी लागते.

युरोपीय संघात ३१ डिसेंबर २०२० पासून सामाईक नियम लागू असून खुल्या गटातील ड्रोनसाठी १२० मीटरांची मर्यादा आहे. ती पृथ्वीच्या पृष्ठभागावरील सर्वांत जवळच्या बिंदूपासून मोजली जाते. त्यामुळे डोंगर चढताना किंवा उतरताना ड्रोनने उताराला समांतर राहणे अपेक्षित असते.

== हे सुद्धा पहा ==

* ड्रोन
* नागरी विमान वाहतूक महासंचालनालय
* हवाई वाहतूक नियंत्रण
* शिकागो करार